पाण्यावरचं मेण

घमेल्यातल्या गरम पाण्यावर पांढुरके थेंब तरंगायला लागले, तशी ताराबाईनं हातातली बरणी पाण्यात तशीच सोडली आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"काय झालं, मावशी?" वल्लरीनं विचारलं. ती ओट्यावर बसून नवी झाकणं पुसत होती.

"थांब जरा. पानी हलवू नको."

ताराबाईनं चमच्यानं एक थेंब उचलला, त्यावर फुंकर मारली. थेंब गोठला, पांढरा पडला. तो तिनं अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळून पाहिला. डिंकासारखा चिकटला नाही, तेलासारखा ओघळलाही नाही. बोटं एकमेकांवरून नुसती घसरली.

"मेन हाय हे," ती म्हणाली.

"मग? निघालं ना पाण्यावर? बरंच झालं की."

"कॉफीच्या, जामच्या बरणीच्या लेबलावर मेन कोन लावते, वल्लरी?"

वल्लरीनं हातातलं झाकण खाली ठेवलं. ताराबाईला उत्तर ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिनं ओले हात लुगड्याला पुसले आणि आतल्या खोलीकडे पाहिलं. आत बायका लोणचं भरत होत्या.

तेलंगणातल्या बोथ गावच्या बाजारामागं महिला संघमची, म्हणजे बायकांच्या बचत गटाची, ही दोन खोल्यांची शेड. बारा बायका. आंब्याचं, लिंबाचं, करवंदाचं लोणचं घालायचं आणि आदिलाबादच्या दुकानांत पाठवायचं, हा तिथला पाच वर्षांचा शिरस्ता. ताराबाई तीन वर्षांपूर्वी आली, कॉलेजातून रिटायर झाल्यावर. सरकारी जूनियर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये ती एकतीस वर्षं अटेंडर होती. संघमात आली तेव्हा तिला अंगणातलं काम मिळालं, बरण्या धुण्याचं. आंबा फोडायला, मसाला कालवायला तिला कोणी बोलावलं नाही. नको असंही कोणी म्हटलं नाही. बौद्ध वस्तीतून आलेली ती एकटीच होती आणि कोण कुठं बसणार हे पहिल्याच दिवशी कोणी न सांगता ठरून गेलं होतं. ताराबाईला ते समजलं. तिनं अंगणात आपली चूल मांडली आणि बरण्यांचं काम असं हातात घेतलं की वर्षभरात त्यात तिला विचारल्याशिवाय कोणाचं पान हलेना.

लोकांनी टाकलेल्या काचेच्या बरण्या भिवाजी भंगारवाला आणून द्यायचा. प्रत्येक बरणीवर लेबल, आणि लेबल निघालं की खाली डिंकाचा चिवट थर. बाकीच्या बायका सुरीनं खरवडायच्या, तारेच्या घासणीनं घासायच्या, काच धुरकट व्हायची आणि डिंक तसाच राहायचा. ताराबाईनं सुरी बंद केली. कागदी लेबल असेल तर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बरणी तासभर बुडवायची, कागद आपणहून सुटतो. प्लास्टिकचं असेल तर बुडवायचंच नाही, बरणीच्या आत गरम पाणी भरायचं, म्हणजे काच तापते, डिंक मऊ होतो आणि कोपरा धरून लेबल सबंध निघतं. उरलेल्या डिंकावर गोडं तेल आणि खायचा सोडा कालवून लावायचा, अर्धा तास उन्हात ठेवायचं, मग दोडक्याच्या जाळीनं गोल गोल चोळायचं. डिंकाला डिंकाच्या कलानं घेतलं की तो सोडतो, हे तिचं म्हणणं. रॉकेल लावलं तर लवकर निघतो, पण रॉकेलाचा वास झाकणाच्या आट्यांत राहतो, म्हणून रॉकेल वर्ज्य. शेवटी उकळत्या पाण्यात बरणी, आणि फडक्यावर पालथी. तिच्या हातून निघालेल्या बरणीवर बोट फिरवलं तर काच चुरचुर वाजायची.

या बरण्यांमुळेच हैदराबादच्या एका दुकानाचं काम आलं होतं. त्यांना प्लास्टिक नको होतं, नवी काचही नको होती. जुन्याच बरण्या, पण डाग नसलेल्या, आणि जमल्यास एकाच मापाच्या. दोनशे. गाडी उद्या संध्याकाळी येणार होती.

आणि नेमक्या याच आठवड्यात ताराबाई चार दिवस इथं नव्हती. वांकिडीला मुलाकडं, अमरदीपकडं गेली होती, नातीला ताप आला म्हणून. त्या चार दिवसांत भिवाजीनं एकाच मापाच्या पावणेदोनशे बरण्या आणून टाकल्या. रुंद तोंडाच्या, जाड, स्वच्छ काचेच्या. लेबलं आधीच खरवडलेली, नुसत्या डिंकाच्या कडा राहिलेल्या. सगळ्यांना आनंद झाला. ताराबाईची वाट न बघता बायकांनी अठ्ठेचाळीस बरण्या साबणानं घासल्या, सुकवल्या, आणि आज सकाळपासून त्या भरायला घेतल्या. ताराबाई पहाटेच्या बसनं आली, चूल पेटवली आणि उरलेल्यांतली पहिली बरणी पाण्यात सोडली. त्या पाण्यावर मेण आलं.

लेबलावर मेण लावतात ते लॅबमध्ये. दरवर्षी जूनमध्ये ती स्वतः लावायची. आधी डिंकानं चिठ्ठी चिकटवायची, मग मेणबत्ती वितळवून कुंचल्यानं वरून हात द्यायचा, म्हणजे ॲसिडचा ओघळ आला तरी अक्षरं खाल्ली जात नाहीत. केमिस्ट्रीचे सर निर्मलचे होते. मराठी त्यांना यायचं नाही, तिला तेव्हा तेलुगू तोडकंमोडकं. "जाग्रत्त, ताराम्मा," एवढं ते रोज म्हणायचे. सांभाळून. सातवी शिकलेल्या ताराबाईनं इंग्रजी वाचायला शिकून घेतलं ते त्या चिठ्ठ्यांवरून. एका अक्षराच्या फरकानं मीठ आणि विष वेगळं होतं, हे तिला लॅबच्या कपाटानं शिकवलं.

तिनं ढिगातल्या बरण्या एकेक उचलून उजेडात धरल्या. विसाव्या की एकविसाव्या बरणीवर खरवडणाऱ्याच्या हातून एक चिठोरा सुटला होता, नखाएवढा. त्याला लाल रेघेची कड होती. तिनं बरणीत कोमट पाणी ओतलं, थोडं थांबली आणि चिठोरा सबंध उचलून तळहातावर घेतला. सुरुवातीची अक्षरं फाटलेली होती. राहिलं होतं ते एवढंच: "...रिक क्लोराइड".

"वल्लरी, आत जा आनि सांग, भरनं थांबवा."

वल्लरी गेली आणि तिच्यामागून संघमची अध्यक्ष प्रतिभा बाहेर आली. कोपरापर्यंत मसाल्याचे हात, पदर खोचलेला. तिचा नवरा मंडल ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होता आणि संघम उभा राहिला तो तिच्याच धडपडीनं. हैदराबादचं काम तिनंच फोन करकरून मिळवलं होतं.

"काय झालं, ताराबाई? अजून दीडशे भरायच्या आहेत."

"या बरन्या लॅबच्या हायेत, ताई. औषधाच्या. खायच्या वस्तूच्या नाईत." तिनं तळहात पुढं केला. "हे पाहा. सुरवातीचं गेलं. फेरिक, म्हंजे लोखंडाचं, असंल त नुसता डाग पडते. मर्क्युरिक, म्हंजे पाऱ्याचं, असंल त मानूस जाते. आनि ह्या एका बरनीचं हे. बाकीच्यात काय होतं, कोनाले ठाव?"

प्रतिभानं चिठोऱ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "पण धुतल्या ना आमी. दोन-दोनदा धुतल्या. काच काही पीत नाही. तुमीच म्हणता."

"काच पीत नाई. पन कोनत्या बरनीत काय होतं ते मायीत असलं त तिले कसं धुवाचं ते ठरते. पाऱ्याचं मीठ साबनानं गेलं का राह्यलं, हे डोळ्यानं दिसत नाई, नाकाले समजत नाई."

"मग आता काय करायचं म्हणता?"

"भरलेलं टाकाचं."

आतल्या बायका दाराशी गोळा झाल्या होत्या. कोणीतरी "अगं बाई" म्हटलं. अठ्ठेचाळीस बरण्या. महिनाभर मुरवलेला आंबा.

प्रतिभाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "ताराबाई, तुमचं काम बरण्या धुवायचं. लोणच्याचं आमी पाहून घेऊ."

या वाक्यात काय काय आहे ते तिथल्या बाराही जणींना कळलं, आणि बहुधा बोलून झाल्यावर प्रतिभालाही कळलं. ताराबाईला राग आला. पण रागापेक्षा तिला घाई होती. आत कोणाचा तरी हात अजून बरणीत असेल.

"बरन्या धुनं माहं काम हाय, म्हनूनच सांगून राह्यली," ती म्हणाली. "बरनी भरासारखी हाय का नाई, हे धुनारीनं नाई सांगाचं त कोनं सांगाचं?"

तिनं चपला काढल्या आणि दाराशी उभ्या बायकांमधून वाट काढत ती आत गेली. तीन वर्षांत पहिल्यांदा. बायका बाजूला झाल्या. आत चटईवर भरलेल्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या, वर तेलाचा लाल थर. मोठाल्या चिनीमातीच्या रांजणांपाशी चंपाबाई बसली होती, हातात पळी. सत्तरी पार केलेली चंपाबाई म्हणजे या लोणच्याची चव. तिखट, मोहरी, मेथी, तेल, सगळं तिच्या मुठीच्या मापानं पडायचं, आणि तिच्यासमोर प्रतिभासुद्धा उंच आवाजात बोलत नसे.

"मी ऐकलं सारं," चंपाबाई म्हणाली. "मले तुह्यं ते इंग्रजी समजत नाई. एकच सांग. वांकिडीच्या नातीले यातली फोड देशील?"

"नाई," ताराबाई म्हणाली.

"शंभरात नव्यान्नव बरन्या चांगल्या असतीन तरी?"

"तरी नाई. ती शंभरावी कोनती, हे मले सांगता येत नाई ना, काकू."

चंपाबाईनं पळी खाली ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठली. पहिली बरणी तिनंच उचलली, झाकण फिरवलं आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या डब्यात ती पालथी केली. फोडी थपकन पडल्या. मग दुसरी. तिसरी. मग इतरजणी पुढं झाल्या. प्रतिभा दारातच उभी होती. तिचे डोळे भरून आले होते आणि मसाल्याच्या हातांनी ते तिला पुसता येत नव्हते. ताराबाईनं आपल्या खांद्यावरचं कोरडं फडकं काढून तिच्या डोळ्यांना लावलं. प्रतिभा मागं सरली नाही.

भिवाजीला फोन लावला तो वल्लरीनं. स्पीकरवर त्याचा आवाज आला, आधी मोठ्यानं, मग गुळमुळीत. खासगी कॉलेज होतं एक, हायवेकडलं. बंद पडलं. त्यांनी सामान काढलं, त्यानं उचललं. "लेबलं मीच खुरचली, ताई. त्याच्यावर कवटी काढेल होती काहीवर. गिऱ्हाईक भेते ना उगीच."

"कवटी पाहूनही आम्हाला आणून दिल्या?" प्रतिभा ओरडली.

"रिकाम्याच होत्या ना, ताई."

प्रतिभानं फोन ठेवला आणि मटकन ओट्यावर बसली. रांजणांत लोणचं भरपूर होतं, त्याला काही झालं नव्हतं. नव्हत्या त्या बरण्या. उद्या संध्याकाळपर्यंत दोनशे बरण्या कुठून आणायच्या?

"गावातून," ताराबाई म्हणाली. "बोथमंधी असं एक घर दाखवा, जिथं मांडनीवर तीन-चार रिकाम्या बरन्या नाईत. धुतल्या, पन लेबल निघालं नाई म्हनून तशाच ठेवल्या. कोनी त्यात जिरं भरते, कोनी बटनं. कॉफीच्या, मधाच्या, मुरंब्याच्या. आपल्या डोळ्यानं पाहून आनू. ज्या घरी काय खाल्लं ते घरची बाई सांगंल, तीच बरनी घेऊ."

"मापं वेगळी येतील."

"येऊ द्या."

प्रतिभानं थोडा विचार केला. मग उठली, हात धुतले, पदर सोडून नीट घेतला. "चला. मी शिक्षक कॉलनी घेते. ताराबाई, तुमी तुमची वस्ती घ्या. वल्लरी, तू पोस्टाकडचा रस्ता."

दुपारी चारपर्यंत बोथभर बायका पोती आणि टोपल्या घेऊन फिरत होत्या. काय हवंय ते कळल्यावर घरोघरच्या बायकांना हसू यायचं, मग त्या माळ्यावर चढायच्या. कोणी सात दिल्या, कोणी दोन. एका रिटायर मास्तरांनी खिळे काढून देऊ केलेली बरणी ताराबाईनं परत केली. एका तेलुगू शेजारणीनं आवकाया लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्या दिल्या आणि लेबलाचा डिंक कसा काढता ते मला पण शिकवा, असं बजावलं. ताराबाईनं प्रत्येक बरणी नाकाशी धरली, उजेडात फिरवली, बोटानं काठ तपासला. टवका उडालेली बाजूला. वास असलेली बाजूला. उरल्या एकशे चौतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चार चुली पेटल्या. ताराबाई मध्ये उभी राहिली आणि तिनं कामं वाटून दिली, जशी लॅबमध्ये नव्या पोरांना द्यायची. "कागदाचे इकडं, पानी कडक पाहिजे. प्लास्टिकचे तिकडं, आतून गरम पानी, पन आधी कोमट, मंग कडक. थंड बरनीत एकदम उकळतं ओतलं का तडकली. घाई झाली का काच सांगून देते."

प्रतिभा पाटावर बसली होती, पुढ्यात मधाची एक उंच बरणी. डिंक नखानं उकरत होती.

"नख नाई, ताई. तेल लावा न् सोडून द्या. दुसरी घ्या. ती आपली आपन तयार होते."

"अर्धा तास?"

"अर्धा तास."

प्रतिभानं तेल-सोड्याचा लेप लावला, बरणी उन्हात ठेवली आणि दुसरी घेतली. थोड्या वेळानं, मान वर न करता, ती म्हणाली, "काल मी बोलले ते..."

"बोलल्या," ताराबाई म्हणाली. ती थांबली, पुढच्या बाईची बरणी बघितली, परत दिली, आणि मग म्हणाली, "त्याचं काय ते एक दिवस बसून बोलू. आज गाडी येनार हाय."

ते बोलणं पुढं झालं की नाही, ते त्या दोघींनाच माहीत. एवढं मात्र झालं की त्या दिवशी जेवणाची चटई अंगणातच पडली, सगळ्यांची, आणि चंपाबाईनं ताराबाईच्या डब्यातली भाकर न विचारता मोडून घेतली.

गाडी आली तेव्हा एकशे सव्वीस बरण्या तयार होत्या. उंच, बुटक्या, चौकोनी, गोल. दुकानाला प्रतिभानं स्वतः फोन करून सगळं सांगितलं, मेणासकट. दुकानदारानं कुरकुर केली, मापाबद्दल, संख्येबद्दल. पण घेतल्या. पुढच्या खेपेला त्यानं दोनशेऐवजी शंभरच मागितल्या. प्रतिभा म्हणाली, शंभर तर शंभर. भिवाजीकडून आलेला माल आधी ताराबाई पाहणार आणि तिनं हो म्हटल्याशिवाय एक बरणी दाराआत जाणार नाही, असा ठराव मात्र बैठकीत झाला. वल्लरीनं तो लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. ताराबाईनं मध्येच थांबवून "पाहणार" खोडायला लावलं आणि "तपासणार" लिहायला लावलं.

राहिल्या त्या लॅबच्या पावणेदोनशे. त्या न्यायला दोन दिवसांनी भिवाजी हातगाडी घेऊन आला. खाली मान घालून उभा राहिला.

"वापस नेतो, मावशी. तुमाले तरास झाला."

"नेऊन काय करशील?"

"पाह्यतो ना. बेज्जूरकडचा एक मधवाला मांगत होता."

"नाई भेटनार," ताराबाई म्हणाली. "ह्या कोनालेच नाई भेटनार."

भिवाजीनं तिच्याकडं पाहिलं आणि रिकामी गाडी वळवली.

शेडमागं पुरुषभर खोल खड्डा खणून घेतला होता. विहिरीपासून लांब, माळाच्या बाजूला. बरण्या फोडायचं काम कोणीही केलं असतं, पण ताराबाईनं कोणाला हात लावू दिला नाही. तिनं जाड गोणपाट घेतलं, डोळ्यांवर कॉलेजातला जुना चष्मा चढवला, पायात नवऱ्याचे बूट घातले. त्यातल्या अठ्ठेचाळीस बरण्या, लोणचं ओतल्यावर बायकांनी पुन्हा घासून लख्ख केलेल्या. जाड, नितळ, एकाच मापाच्या. अशा बरण्या तिला उभ्या जन्मात मिळाल्या नव्हत्या. लॅबमध्ये एकतीस वर्षांत तिच्या हातून दोन परीक्षानळ्या आणि एक नरसाळं, एवढंच फुटलं होतं, आणि त्या तिन्हींचे दिवस तिच्या ध्यानात होते.

तिनं पहिली बरणी उचलली, सवयीनं उजेडात फिरवून पाहिली. एकही डाग नव्हता. ती गोणपाटात गुंडाळली, दगडावर ठेवली आणि वरवंटा उचलला.

ऊन चढेपर्यंत शेडमागून तो आवाज येत राहिला. घाई नाही, थांबणं नाही. प्रतिभा एकदा येऊन बघून गेली, मग पाण्याचा तांब्या घेऊन परत आली आणि लांबच उभी राहिली. शेवटचं गोणपाट खड्ड्यात झटकून झाल्यावर वर माती पडली, मातीवर शहाबादी फरशी. ताराबाईनं चष्मा काढला. पदर मोकळा केला आणि वाऱ्याच्या दिशेनं उभी राहून तो दोनदा, तीनदा, पुन्हा एकदा झटकला. मग उन्हाकडं धरून त्याच्या धाग्याधाग्यावरून ती नजर फिरवत राहिली, कुठं काही चमकतंय का ते बघत.